हरलेल्या माणसाला लोभी म्हणणं आधी बंद करा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मागच्या आठवड्यात आपल्या जळगाव जामोद तालुक्यातल्या एका घरी गेलो होतो. गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. सत्तरीतले काका. त्यांनी धान्याच्या कोठीमागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत पावत्या, एक बॉण्ड आणि रबर लावलेलं पासबुक. कापसाच्या पैशातून सहा वर्षं भरलेले हप्ते. कंपनीच्या ऑफिसला कुलूप लागून जमाना झाला. मी विचारलं, तक्रार केली का? काकांनी आधी दाराकडे पाहिलं, मग हळूच बोलले, "भाऊ, पोराले मालूम नाही. कोनाले सांगू नका."

त्याच संध्याकाळी गावातल्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर अशाच बुडालेल्या पैशांची चर्चा सुरू होती. एका शहाण्याने लिहिलं, "जास्त व्याजाचा लोभ केला की असंच होते." खाली हसण्याचे दहा-बारा इमोजी. ते इमोजी पाहून ही पोस्ट लिहायला घेतली.

लोभ? चला, हिशेब करू.

पीएसीएल घ्या. 'पर्ल्स' म्हटलं की आपल्याकडच्या अनेकांना एजंटचा चेहरा आठवेल. शेतजमीन घेऊन देतो, विकसित करतो, असं सांगून या कंपनीने देशभरातून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले. गुंतवणूकदार साडेपाच कोटींच्या वर. सामूहिक गुंतवणूक योजनांचे नियम सेबीने १९९९ मध्ये आणले आणि कंपनीला विचारणा केली. कंपनी कोर्टात गेली. २००३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला २०१३ मध्ये. पैसे परत करा असा सेबीचा आदेश निघाला ऑगस्ट २०१४ मध्ये. प्रमुख निर्मलसिंग भंगू यांना अटक झाली जानेवारी २०१६ मध्ये.

आता मला सांगा. ही योजना नेमकी कोणत्या कायद्यात बसते हे ठरवायला सेबी आणि कोर्टांना मिळून पंधरा वर्षं लागली. ते कळायला पाहिजे होतं कोणाला? तर आपल्या कापूसवाल्याला! हप्ता न्यायला दारात येणारा एजंट कोण होता? नात्यातला, नाहीतर पोराचा मास्तर. वऱ्हाडात माणूस कंपनीवर विश्वास ठेवत नाही, माणसावर ठेवतो. त्याला लोभ म्हणत असाल तर शब्दकोश बदला.

आता दुसरी बाजू पाहा. २३ एप्रिल २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, फ्रँकलिन टेम्पलटन या मोठ्या म्युच्युअल फंड कंपनीने आपल्या सहा कर्जरोखे योजना एका रात्रीत बंद केल्या. एका योजनेच्या तर नावातच 'क्रेडिट रिस्क' होतं. जरा जास्त परतावा मिळावा म्हणून कमी पतीच्या कंपन्यांच्या रोख्यांत पैसा लावलेला. सुमारे तीन लाख गुंतवणूकदारांचे २५ हजार कोटींहून जास्त अडकले. जास्त परताव्याची इच्छा तिथेही होतीच ना? पण त्यांना कोणी लोभी म्हटलं नाही. पेपरात शब्द होता 'गुंतवणूकदार'. त्यांनी लाज बाळगली नाही. एकत्र आले, कोर्टात गेले. युनिटधारकांची संमती घेतल्याशिवाय योजना गुंडाळता येणार नाही, असं कर्नाटक उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एसबीआयच्या फंड कंपनीमार्फत वाटप सुरू करायला लावलं. पुढे टप्प्याटप्प्याने बंद झाल्या दिवशीच्या मूल्यापेक्षा जास्त रक्कम परत आली.

तिथे रोखे नोंदलेले होते, हिशेब होता, हे मान्य. आपल्या पावतीच्या मागे काय होतं देव जाणे. तरी फरक उरतोच. शहरातला बुडतो तेव्हा तो पीडित. आपला बुडतो तेव्हा तो लोभी. आणि लोभी हा शब्द ऐकलेला माणूस तक्रार करत नाही, पिशवी कोठीमागे लपवतो.

या लपवण्याची किंमत किती ते ऐका. पीएसीएलच्या मालमत्ता विकून पैसे वाटायला २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समिती बसली. दावे ऑनलाइन मागवले, मुदत होती ३१ जुलै २०१९. आधी २,५०० रुपयांपर्यंतचे दावे घेतले, मग रक्कम वाढवत नेली. वाटप कासवाच्या गतीने झालं, त्यावर शिव्या घालायच्या त्या घाला. पण ज्याने घरातच सांगितलं नव्हतं, त्याने तो ऑनलाइन अर्ज कोणाकडून भरून घ्यायचा होता? पोराच्या हातात मोबाइल होता, पण पोराला मालूम नव्हतं. कंपनीने पैसा नेला आणि आपल्या टोमण्यांनी त्या माणसाचा दावा नेला.

आता माझं सांगतो. माझेही गेलेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, वेळ आली की योग्य ठिकाणी लिहीन. दोन वर्षं दर महिन्याला हप्ता दिला. पत्रकारितेचा डिप्लोमा भिंतीवर, रोज दुसऱ्यांच्या भानगडी छापणारा मी, आणि स्वतःची पावती कपाटात दडवून बसलो. बायकोला सांगायला आठ महिने लागले. त्याहून वाईट म्हणजे त्याच कंपनीच्या शाखेची पाव पानाची शुभेच्छा जाहिरात मी आमच्या दिवाळी पुरवणीसाठी आणली होती. कमिशनही घेतलं. ती जाहिरात पाहून कोणी पैसे भरले असतील तर त्यात माझा वाटा आहे. माफी मागतो. आमच्या धंद्यातल्या मित्रांनो, तुमच्याही जुन्या पुरवण्या चाळून पाहा. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात तरतूद आहे, अशा योजनेची जाहिरात छापली तर सरकार त्याच जागी, फुकटात खुलासा छापायला लावू शकतं. सरकारची वाट कशाला पाहता?

एक डाव बुडालेल्यांसाठी अजून टपून बसलेला असतो. "तुमचे अडकलेले पैसे काढून देतो, फॉर्मचे पाचशे द्या, ओरिजिनल कागद द्या." मूळ कागद कोणाच्या हातात देऊ नका. पीएसीएलच्या समितीनेही हेच बजावलं होतं, समिती मागेल तेव्हाच मूळ कागद द्या. आणि गेलेलं भरून काढायला फ्यूचर-ऑप्शनमध्ये उडी मारणाऱ्या पोरांनो, सेबीने २०२४ मध्ये काय सांगितलं ते वाचा. तीन वर्षांत त्या बाजारात उतरलेल्या शंभर साध्या माणसांपैकी ९३ तोट्यात गेली. खड्ड्यातून निघायला अजून खोल खणू नका.

मग करायचं काय?

पहिलं, आज रात्री जेवताना घरात सांगा. भांडण होईल, होऊ द्या. दुसरं, पावत्यांच्या झेरॉक्स काढा. तारीख, रक्कम आणि हप्ता कोणाच्या हातात दिला ते वहीत उतरवा. तिसरं, एकाच कंपनीत बुडालेले दहा जण एकत्र या आणि पोलिसांत लेखी तक्रार द्या. महाराष्ट्रात १९९९ पासून ठेवीदारांच्या संरक्षणाचा एमपीआयडी कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. एकट्याला 'उद्या या' म्हणतात, दहा जणांना खुर्ची देतात. पैसे ऑनलाइन गेले असतील तर वेळ न घालवता १९३० ला फोन लावा. आणि मनात काही भलतंच येत असेल तर १४४१६ या टेली मानस नंबरवर बोला, पैसे लागत नाहीत. गेलेला पैसा जिवापेक्षा मोठा नाही. आपल्या जिल्ह्याने या बाबतीत खूप पाहिलंय.

सगळं परत मिळेल असं मी म्हणणार नाही. बहुतेकांचं मिळणार नाही. कदाचित माझंही नाही. पण गप्प बसलेल्या प्रत्येक घरामुळे पुढच्या कंपनीला तालुक्यात नवी शाखा उघडणं सोपं जातं. कारण आधीची बुडाली हे कोणी बोललेलंच नसतं.

आणि जुने एजंट भाऊ, तुमचेही गेलेत हे मला माहीत आहे. पण तुमची वही अजून तुमच्याकडे आहे. कोणाकडून किती घेतले, वर कोणाकडे भरले, ते तुमच्याइतकं कोणालाच सांगता येणार नाही. तोंड लपवू नका, ती वही घेऊन लोकांच्या सोबत पोलीस स्टेशनला चला.

त्या काकांना मी परवा पुन्हा भेटलो. म्हणाले, "पोराले सांगतलं. दोन दिवस बोलला नाही. मंग तोच म्हने, चाल बाबा, अर्ज लिहू."

तालुक्यातली यादी करायला घेतोय. मेसेज करा, नाव गुप्त ठेवीन. एक नाव मात्र उघड लिहिलंय, पहिल्या नंबरवर. माझं.