तल्लफ

वीस वर्षांपूर्वी शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्याच्या दिंडी दरवाज्यात माझा मावसभाऊ रोज पहाटे उभा असे. कोपऱ्यावरची पानपट्टी उघडली का, हे पाहायला. मावशीने पैसे लपवले तर तो ओंकारेश्वराच्या रस्त्यावर पडलेली थोटके वेची. त्याला स्किझोफ्रेनिया आहे, हे घरात सर्वांना ठाऊक होते. पण विडीचा विषय निघाला की आम्ही आजार विसरत असू. "आवाज ऐकू येतात ते आजारामुळे, मान्य. पण विडी? ती निव्वळ मस्ती!" मामा म्हणत आणि मी मान डोलवी.

आज ते आठवले की शरम वाटते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत धूम्रपानाचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असते, हे जगभर दिसून आले आहे. निकोटीनमुळे मेंदूतील डोपामिन वाढते, घटकाभर लक्ष लागते, औषधांनी आलेली सुस्ती जरा हटल्यासारखी वाटते. शिवाय समोर पसरलेला रिकामा दिवस असतोच. एकदा मी चिडून विचारले, तर तो शांतपणे म्हणाला, "दादा, विडी ओढताना तेवढ्यापुरतं काहीतरी काम केल्यासारखं वाटतं रे."

मग मामांनी एके दिवशी विड्या बंद केल्या. आठ-दहा दिवसांत तो दिवसभर झोपू लागला, लाळ गळू लागली, चालताना तोल जाई. रोग वाढला, असे आम्ही समजलो. खरे कारण वेगळेच होते. त्याला क्लोझापिन चालू होते. विडीच्या धुरातील काही द्रव्यांमुळे यकृत हे औषध झपाट्याने शरीराबाहेर टाकते, ओलान्झापिनचेही तसेच. डॉक्टरांनी मात्रा ठरवली होती ती विड्या ओढणाऱ्या माणसासाठी. धूर थांबला आणि तीच मात्रा जड झाली. (हा परिणाम धुराचा, निकोटीनचा नव्हे. तंबाखू मळून खाणाऱ्याला हा हिशेब लागू नाही.) विडी सोडणे चांगलेच, पण डॉक्टरांना न सांगता सोडवली, ही चूक आमची.

गांजाची गोष्ट निराळी. तो भास आणि संशय उफाळून आणतो, शांत झालेला आजार पुन्हा उलटवतो. मावसभावाने मध्यंतरी तोही केला. तेव्हा एका ठिकाणी सांगितले, "आधी मनाचा आजार बरा करून आणा." दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "आधी व्यसन सोडवा." मावशी दोन दारांमध्ये हेलपाटे घालत राहिली.

आणि हे पुण्यात! डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. १९८६ साली त्याच आवारात 'मुक्तांगण' सुरू झाले. म्हणजे व्यसन हा आजार आहे, हे या शहराला केव्हाच सांगून झाले होते. २००४ च्या 'देवराई' चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा शब्द घराघरांत नेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मनोविकारांना मानसिक आजारांतच धरले आहे. तरी आपण नातेवाइकांना सांगताना एक आजार सांगतो आणि दुसरा गिळून टाकतो. डॉक्टरांसमोरसुद्धा!

शेवटी एका डॉक्टरांनी मावशीला दोन्हींची नोंद एकत्र ठेवायला सांगितली. तिने दुधाचा हिशेब लिहायची वही घेतली. एका रकान्यात गोळ्या, शेजारच्या रकान्यात विड्या. विड्या उतरत गेल्या, तशी डॉक्टर मात्रा उतरवत गेले. गांजा सुटला. विड्या रोज दोन उरल्या आहेत. वाडा पाडून आता तिथे इमारत झाली आहे. संध्याकाळी तो जिन्याखाली दुसरी विडी ओढतो आणि वर येऊन स्वतःच वहीत लिहितो.