नेमून दिलेली बाजू

आमच्या काळी वादविवाद म्हणजे घरी पाठ केलेले भाषण. जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेची रीत निराळी आहे. ग्लासगो येथे १९८१ मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा २०१४ मध्ये चेन्नईतही भरली होती. प्रत्येक फेरीत दोघादोघांचे चार संघ असतात. दोन प्रस्तावाच्या बाजूने, दोन विरोधात. विषय कळल्यावर तयारीस अवघी १५ मिनिटे, भाषणास ७. पहिले व शेवटचे मिनिट वगळता प्रतिपक्ष मध्येच उठून प्रश्न मांडू शकतो. तो घ्यायचा की नाही, हे वक्ता ठरवतो. संघांना क्रमाने ३, २, १, ० गुण मिळतात. बाजू मात्र नेमून दिलेली असते, आणि पालकांची गल्लत येथेच होते.

माझ्या पुतणीच्या महाविद्यालयात याच पद्धतीची स्पर्धा झाली. विषय होता, ‘वडिलोपार्जित पेढी वारसांकडे देऊ नये.’ तिच्या वाट्यास समर्थन आले. समोर तिचे वडील, आमच्या पेढीची तिसरी पिढी. ती उत्तम बोलली. बंधू घरी येईपर्यंत गप्प होते.

जेवताना त्यांनी विचारले, “हे तुला मनापासून वाटते?”

“बाजू माझी नव्हती, पप्पा. पण तुमचे उत्तर ऐकायचे आहे.”

त्या रात्री पेढीचा जमाखर्च प्रथमच तिच्यासमोर उघडला गेला.