विश्लेषण : परदेशात युवककार्य आणि नवे करिअर… शेलूच्या तरुणांसाठी हा मार्ग किती खरा?

पदवी, मग मुंबई किंवा ठाण्यात नोकरी आणि रोज लोकलचा लांबचा प्रवास. वांगणी-नेरळदरम्यानच्या शेलूतील अनेक तरुणांचा दिनक्रम असा आहे. ‘परदेशात वर्षभर मुलांसोबत काम करा, तिथेच करिअर घडवा’ हे वाक्य अशा वेळी आकर्षक वाटते. पण स्वयंसेवा म्हणजे नोकरी नव्हे. निर्णय घेण्यापूर्वी कोणते नियम माहीत हवेत?

युरोपचा प्रसिद्ध कार्यक्रम भारतीयांना खुला आहे का?
‘युरोपियन सॉलिडॅरिटी कोअर’मधील स्वयंसेवा साधारण १८ ते ३० वयोगटासाठी आहे. राहणे, जेवण आणि हातखर्च मिळतो. मात्र अर्जदार युरोपीय संघाचा सदस्यदेश किंवा कार्यक्रमाशी जोडलेल्या देशाचा कायदेशीर रहिवासी हवा. भारत या यादीत नाही. म्हणजे शेलूत बसून अर्ज करता येत नाही. जर्मनी किंवा फ्रान्समध्ये शिकत असलेल्या मराठी विद्यार्थ्याला मात्र तिथला रहिवासी म्हणून संधी मिळू शकते.

मग थेट भारतातून कुठे जाता येते?
मुख्य पर्याय जर्मनीचा. तिथे सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाल्यावर जुलै २०११ पासून ‘बुंडेसफ्रायविलिगेनडीन्स्ट’ म्हणजे संघीय स्वयंसेवा (बीएफडी) सुरू झाली. ‘एफएसजे’ हे सामाजिक कार्याचे वर्ष त्याहून जुने असून ते २७ वर्षांखालील तरुणांसाठी आहे. बीएफडीला वरची वयोमर्यादा नाही. कालावधी सहसा १२ महिने असतो. काम युवककेंद्र, बालवाडी, दिव्यांगांची संस्था किंवा वृद्धाश्रमात मिळते. हातखर्च आणि सामाजिक विमा मिळतो. निवास-जेवण संस्थेनुसार बदलते. २७ वर्षांखालील स्वयंसेवकांसाठी वर्षात २५ दिवस प्रशिक्षण असते. जर्मन सरकारच्या ‘वेल्टवेर्ट्स’ कार्यक्रमातूनही भारतातील भागीदार संस्थांमार्फत तरुण तिकडे जातात.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात १८ ते २६ वयाचा युवा गट आहे. जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी.

महाराष्ट्र-जर्मनी कराराशी याचा संबंध आहे का?
नाही, आणि गफलत इथेच होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन वुर्टेमबर्ग राज्याशी केलेला करार कुशल मनुष्यबळासाठी आहे. सुरुवातीला १० हजार जणांचे उद्दिष्ट ठेवले गेले. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजार करण्याची घोषणा केली. तीही नोकरीसाठीच. स्वयंसेवेचा निवास परवाना वेगळा असतो आणि वर्ष संपल्यावर आपोआप नोकरीत बदलत नाही.

करिअर नेमके कसे बदलते?
वर्षभराच्या कामातून तीन गोष्टी हाती येतात : भाषा, ओळखी आणि हे काम आपल्याला झेपते का याचे उत्तर. पुढची पायरी असते ‘औसबिल्डुंग’, म्हणजे कामासोबतचे प्रशिक्षण. नर्सिंगमध्ये त्यासाठी मानधन मिळते. बालशिक्षकासाठीही प्रशिक्षण असते. समाजकार्यासाठी पदवी लागते. भाषेची अट बहुतेक ठिकाणी बी-१ किंवा बी-२. अभियांत्रिकीच्या पदवीधराला इथे पुन्हा पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागते, ही किंमत आधीच मोजून ठेवावी.

परतणाऱ्यांसाठीही वाट आहे. युवककार्य हा भारतात परवान्याचा व्यवसाय नाही, पण टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेता येते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक निकषांतील कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात. त्या पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांना अनुभवी माणसे लागतात. कर्जत-खालापूरच्या आदिवासी वाड्यांतील मुलांसोबतही असे काम करता येते.

फसवणूक कशी ओळखावी?
संयुक्त राष्ट्रे अर्जासाठी पैसे घेत नाहीत. कोणी मागितले तर तिथेच थांबा. ‘स्वयंसेवेतून हमखास नोकरी’ म्हणणाऱ्याकडे संस्थेचा लेखी करार मागा आणि त्यात नाव असलेल्या संस्थेला स्वतः ईमेल करा. नोकरी म्हणून पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदणीकृत आहे का, ते तपासा. घर किंवा जमीन गहाण ठेवून जाण्यासारखा हा मार्ग नाही, कारण हातखर्चातून कर्जाचे हप्ते फिटत नाहीत.

सुरुवात कुठून करावी?
महाविद्यालयात असाल तर राष्ट्रीय सेवा योजनेतून. दोन वर्षांत २४० तासांची सेवा आणि सात दिवसांचे शिबिर हा कामाचा लेखी पुरावा ठरतो. पदवी झाली असेल, तर जर्मन भाषेचा ए-१ वर्ग आणि सुट्टीच्या दिवशी एखाद्या वाडीत किंवा आश्रमशाळेत नियमित काम. सहा महिन्यांनंतरही ते हवेसे वाटले, तर व्हिसाच्या रांगेत उभे राहायला हरकत नाही. नाही वाटले, तर परदेशात जाण्याआधीच मोठा खर्च वाचला.