हिशेबाच्या वहीतला जागल्या

पूर्वी गावोगावी जागल्या असे. सारे गाव झोपले की तो काठी आपटत फिरायचा आणि चोराची चाहूल लागली की ओरडून गाव जागे करायचा. कंपनीतला चोर भिंत फोडून आत येत नाही. तो वातानुकूलित केबिनमध्ये बसून हिशेबाच्या नोंदी फिरवतो. त्याची चाहूल लागते ती हिशेब खात्यातल्या एखाद्या पगारदार माणसाला. त्याने ओरडावे की कूस बदलून पुन्हा झोपावे?

‘आपण बरे नि आपले काम बरे’ असा सल्ला बहुतेक घरांत मिळेल. तो चुकीचा आहे असे चटकन म्हणवत नाही. घराचे हप्ते असतात, मुलांच्या फिया असतात. पण अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या बड्या टेलिफोन कंपनीची हकिकत ऐका, म्हणजे गप्प बसण्याचीही किंमत मोजावी लागते हे पटेल.

वर्ल्डकॉम दुसऱ्या कंपन्यांच्या तारा भाड्याने घेत असे. हे भाडे त्या-त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवायला हवे होते. कंपनीने ते मालमत्ता म्हणून दाखवले. आपण घरभाडे भरावे आणि वहीत मात्र ‘घर विकत घेतले’ असे लिहावे, तसाच हा प्रकार! खर्च कमी दिसला, नफा फुगला आणि शेअर बाजार खूश राहिला.

अंतर्गत तपासणी विभागाच्या प्रमुख सिंथिया कूपर यांना या नोंदींचा संशय आला. त्यांच्या घरातही मुख्य कमाई त्यांचीच होती. पदरी दोन मुली होत्या. त्यांनी सहकाऱ्यांसह रात्री जागून, गुपचूप कागद तपासले. वित्तप्रमुख स्कॉट सुलिव्हन यांनी ‘ही तपासणी पुढे ढकला’ असे सुचवले. कूपर थांबल्या नाहीत. त्या थेट संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. जून २००२ मध्ये कंपनीला ३८० कोटी डॉलरची लबाडी जाहीर करावी लागली. पुढे हा आकडा ११०० कोटींवर गेला. जुलैत कंपनीने दिवाळखोरी पत्करली आणि २००५ मध्ये तिचे माजी प्रमुख बर्नार्ड एबर्स यांना २५ वर्षांची शिक्षा झाली.

त्याच कंपनीच्या हिशेब खात्यात आणखी एक बाई होत्या. खोट्या नोंदी करण्याचा हुकूम त्यांना वरून आला. ‘एवढ्या वेळेपुरतेच’ असे वरिष्ठांनी समजावले. त्यांनी राजीनाम्याचे पत्रही लिहिले, पण घर त्यांच्याच पगारावर चालत होते. ते पत्र दिलेच गेले नाही. एकदा झाले, दुसऱ्यांदा झाले, मग पायंडाच पडला. शेवटी त्यांना पाच महिने तुरुंगात काढावे लागले. ‘साहेबांनी सांगितले म्हणून केले’ ही सबब त्यांना वाचवू शकली नाही.

असे अमेरिकेतच घडते, असे मात्र समजू नका. आपल्याकडे सत्यम कॉम्प्युटर्सच्या रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ रोजी हजारो कोटींच्या खोट्या हिशेबांची कबुली दिली. तिथेही आदल्याच महिन्यात एका स्वतंत्र संचालकाला निनावी ई-मेल गेला होता.

मग अशा प्रसंगी काय करावे? पहिली गोष्ट, खोट्या नोंदीखाली सही करू नका. पहिल्या वेळीच ‘नाही’ म्हणणे सर्वांत स्वस्त पडते. दुसरे, काय पाहिले, कधी पाहिले, कोणी काय सांगितले, हे तारखेनिशी लिहून ठेवा. ऐकीव गोष्टी त्यात घुसडू नका आणि कामाशी संबंध नसलेल्या फायली उचलू नका. तिसरे, कॅन्टीनमध्ये कुजबुज करण्याऐवजी योग्य दार ठोठवा. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना अशा तक्रारींसाठी यंत्रणा ठेवावीच लागते. विशेष प्रसंगी लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांशी थेट बोलण्याची सोयही तीत आहे. आणि चौथे, आधी एखाद्या जाणत्या वकिलाला भेटा. २०१४ चा जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा सरकारी कारभारातील तक्रारींसाठी केलेला आहे. खासगी कंपनीतल्या नोकराने त्याच्या भरवशावर राहू नये.

एवढे करूनही त्रास होणार नाही, अशी हमी कोणी देणार नाही. बढती अडेल, बदली होईल, कालपर्यंत डबा वाटून खाणारे सहकारी तोंड फिरवतील. म्हणून ही गोष्ट घरी आधी सांगावी. नवरा-बायकोने बसून सहा महिन्यांच्या खर्चाचा हिशेब मांडावा आणि मगच पाऊल उचलावे. आणि वाचकहो, तुमच्या घरातले माणूस संध्याकाळी गप्प गप्प दिसले, जेवताना त्याचे लक्ष नसले, तर ‘ऑफिसात सगळे ठीक आहे ना?’ असे जरूर विचारा. वरून हुकूम येतो तेव्हा माणूस एकटा पडतो. घर पाठीशी आहे हे कळले, तर ‘नाही’ म्हणायला त्याला बळ येते.