नाण्यांवरील देव कोणाचे?

रोमन लोकांच्या रुप्याच्या नाण्यांवरील देवमूर्ति पाहून त्या राष्ट्राच्या धर्मनिष्ठेविषयीं गहिंवरणारे रसिक आपल्याकडे थोडेथोडके नाहींत. नाणें म्हणजे कनवटीला लावतां येणारें देवघरच, असा त्यांचा समज दिसतो. आमच्या मतें तो साफ चुकीचा आहे. हे देव लोकांची भक्ति सांगत नाहींत; नाणें पाडणाराची महत्त्वाकांक्षा सांगतात.

देनारिअस हें नाणें इ. स. पू. २११ च्या सुमारास निघालें. एका बाजूस रोमादेवीचें मस्तक, दुसरीकडे कॅस्टर व पोलक्स हे अश्वारूढ जुळे देव. येथवर देव साऱ्या राष्ट्राचे होते. पुढें टांकसाळीचे अधिकारी आपापल्या कुळांचा बडेजाव त्यावर उमटवूं लागले आणि देवांस खाजगी धनी मिळाले. ज्युलिअस सीझरनें व्हीनसदेवीस व वृद्ध पित्यास वाहून नेणाऱ्या तिच्या पुत्रास, ईनिअसला, नाण्यावर आणलें, तें आपलें कुळ त्या देवीपासून निघालें हें जगास ऐकविण्यासाठीं. त्याच्या दुसऱ्या एका नाण्यावर हत्ती आहे, आणि मागें पळी, प्रोक्षणाची कुंचली, कुऱ्हाड व पुरोहिताची टोपी. किती सोज्ज्वळ! पण हें नाणें इ. स. पू. ४९ च्या सुमारास, यादवी पेटली असतां, फौजेच्या पगारासाठीं पाडलेलें. आणि महापुरोहित स्वतः सीझरच. इ. स. पू. ४४ मध्यें तर त्याचा जिवंतपणींच मुखवटा नाण्यावर आला. (त्याचा वध करणाऱ्या ब्रूटसनेंही दोन वर्षांनीं खंजिरांच्या नाण्यावर दुसऱ्या बाजूस स्वतःचेंच तोंड उमटविलें, हें जातां जातां!)

यावर कोणी म्हणेल, रोमन लोकांत राज्य व धर्म निराळे नव्हतेच. कबूल. पण म्हणूनच देवाची मूर्ति कोणाच्या हुकुमानें उमटली हें आधीं विचारलें पाहिजे. इ. स. २६० नंतर गॅलिएनसच्या नाण्यांत रुपें शेंकडा कांहीं भागच उरलें, आणि त्यांवरच अपोलो, डायाना, सूर्य असे सम्राटाचे ‘रक्षक’ देव आपापल्या पशूंच्या रूपानें दाटीनें अवतरले. रुपें घटलें, देव वाढले!

कोइंबतूरकडे टायबेरिअसचे देनारिअस विपुल सांपडले आहेत. त्यांवर बसलेली स्त्री कोण, याविषयीं विद्वानांचें एकमत नाहीं. आमच्या व्यापाऱ्यानें तो प्रश्न कधीं केला असेल असें वाटत नाहीं. इ. स. ६४ मध्यें नीरोनें नाण्याचें वजन व कस उतरविला. त्यानंतरचे देनारिअस आपल्या देशांत क्वचितच मिळतात.