आधी बाकाची उंची बघा

हल्ली शाळांमधून ‘सेन्सरी रूम’च्या उद्घाटनाची आमंत्रणं येतात. भिंतीवर रंगीत दिवे, कोपऱ्यात बीनबॅग, छताला टांगलेला झोका. फीत कापून झाली, फोटो निघाले, की मी विचारते: हा झोका कोणत्या मुलाला, किती वेळ आणि कोण देणार? उत्तरादाखल चहा येतो.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ आहे, त्यामुळे साधनांशी माझं भांडण असायचं कारण नाही. जीन एअर्स या अमेरिकन व्यवसायोपचार तज्ज्ञ बाईंनी १९७२ साली पुस्तक लिहून संवेदनांची सांगड आणि शिकण्यातल्या अडचणी यांचा संबंध मांडला. आजचे झोके, फळ्या, मोठे चेंडू त्याच परंपरेतले. पण एकाच झोक्याने एक मूल शांत होतं, तर दुसरं अधिकच चेकाळतं. हौसेने विकत घेतल्या जाणाऱ्या वजनदार जॅकेटचा फायदा तर अभ्यासांतून ठामपणे सिद्धही झालेला नाही.

तिसरीतला एक मुलगा ‘लिहायचा कंटाळा, सारखा उठतो’ म्हणून माझ्याकडे आला. आईने तऱ्हेतऱ्हेच्या पेन्सिल ग्रिप ऑनलाइन मागवून झाल्या होत्या. वर्गात जाऊन पाहिलं तर बाकावर त्याचे पाय अधांतरी. पाय टेकले नाहीत की धड डळमळतं, मग खांदा आखडतो आणि बोटं पेन्सिल आवळून धरतात. पायाखाली पाट दिला, वहीखाली बॉक्स फाइल तिरकी ठेवली. फळ्यावर लिहायला पेराएवढे खडूचे तुकडे दिले. इतका छोटा तुकडा मुठीत धरताच येत नाही, बोटांच्या चिमटीतच धरावा लागतो. हाताला जोर यावा म्हणून घरी कणीक मळायला आणि ओले कपडे पिळायला सांगितलं. सगळ्यात जास्त वेळ गेला तो आजींना पटवण्यात. मुलग्याला कणीक मळायला लावायची म्हणजे काय!

लेखनाचे बाजारातले तयार संच बहुतेक रोमन अक्षरांसाठीचे असतात. आपल्या मुलाला ‘कि’ लिहिताना कानाला नंतर ऐकू येणारी वेलांटी आधी काढावी लागते. मात्रा वर, उकार खाली, काना उजवीकडे, आणि शेवटी शिरोरेषेसाठी हात पुन्हा मागे. डाव्या-उजव्याचा गोंधळ होणारं मूल इथे थकून जातं. मी वहीत शिरोरेषेच्या जागी फेव्हिकॉलची रेघ ओढून वाळवते. बोटाला ती लागते, अक्षर तिथून खाली लोंबतं. असली साधनं मराठी वर्गात बसूनच सुचतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षांपर्यंत सहायक साधनं मोफत द्यायला सांगितलं आहे. त्या टक्क्यांच्या अलीकडे राहिलेल्या मुलांनी काय करायचं? दहावीला प्रमाणपत्र दाखवलं की जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. दुसरीत पाटसुद्धा मिळत नाही.

भारतातलं व्यवसायोपचाराचं पहिलं विद्यालय १९५० साली कमलाबाई निंबकरांनी मुंबईत केईएम रुग्णालयात सुरू केलं. फलटणच्या ‘कमला निंबकर बालभवन’ या शाळेला त्यांचंच नाव आहे. एवढा वारसा असूनही आमचा व्यवसाय शहरातली रुग्णालयं आणि खासगी केंद्रं यांतच अडकून पडला. तालुक्याच्या गावातली आई मुलाला घेऊन एसटीने दिवसभराचा प्रवास करते, अर्ध्या तासाची थेरपी घेते आणि तिची मजुरी बुडते.

समग्र शिक्षा योजनेत विशेष शिक्षक आहेत. त्यांच्या जोडीला प्रत्येक गटसाधन केंद्रात एक व्यवसायोपचार तज्ज्ञ नेमा, तोही कायम पदावर. शिक्षण विभागाने यासाठी येत्या अर्थसंकल्पातच तरतूद करावी. आणि पालकहो, तोवर थांबू नका. मुलाच्या वर्गात जाऊन त्याचे पाय जमिनीला टेकतात का ते बघा; टेकत नसतील, तर घरातला एक पाट बाईंकडे देऊन या.