वाजवणे आणि वाजवायला लावणे

आमच्या घरी एक जुना ट्रम्पेट आहे. मेरठचा, नळीवर दोन पोचे पडलेला, मधला पिस्टन अडणारा. खोपोलीच्या कारखान्यात पाळी करून आमचे वडील लग्नसराईत कर्जत-खालापूरच्या गावोगावी बँडपथकात तो वाजवीत. लहानपणी आम्हीही त्यांच्याकडून शिकलो. गाल फुगवले की ते हसत. ओठ मिटून त्यांतला कंप नळीत सोडायचा, एवढीच त्यांची शिकवण. कळा अवघ्या तीन, बाकीचे सूर ओठांच्या ताणावर निघतात, हे उमगायला एक अख्खा पावसाळा गेला. इथल्या दमट हवेत पितळ कळंके. चिंचेने ते उजळण्याचे काम आमच्याकडे असे.

एका लग्नात पथकाची पाने मांडवामागे, गोठ्यालगत वाढली. वडील पानावरून उठले. त्यानंतर त्यांनी सुपारी घेतली नाही. आम्ही मात्र त्यातून भलताच धडा घेतला; महाविद्यालयात असताना घरात ट्रम्पेट आहे, हे मित्रांपासून लपवले.

पुढे इतिहास शिकवताना आमची चूक आम्हांस कळली. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते वतनाच्या नावाखाली चाललेल्या वेठीविरुद्ध. १९५६च्या धम्मदीक्षेनंतर कोकणात अनेक गावी आपल्या माणसांनी शिमग्यातले गावकीचे खालूबाजे वाजवणे सोडले, तेही त्याच न्यायाने. पण संगीताशी बाबासाहेबांचे वैर नव्हते. उतारवयात ते स्वतः व्हायोलिन शिकत होते.

आज १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भाड्याचा डीजे असतो. भिंती हादरतात आणि बाबासाहेबांवरच्या गाण्यांतले शब्दच ऐकू येत नाहीत. दरवर्षी त्यावर जाणारी वर्गणी साठवून आपल्या शाळेचे बँडपथक उभे करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हा विषय काढताच एका पालकांनी विचारले, "गुरुजी, पोरांना पुन्हा वाजंत्री करता काय?" प्रश्नामागची जखम आमच्याही घरातली आहे, म्हणून आम्ही रागावलो नाही. कुठे वाजवायचे आणि कुठे नाही, हे आपली मुले ठरवणार असतील तर भय कसले? वसतिगृहातल्या मुलींनाही त्यात घ्यावे. आमच्या वडिलांच्या पथकात एकही बाई नव्हती.

आमचा ट्रम्पेट आम्ही शाळेला देत आहोत. मधला पिस्टन तेवढा आधी दुरुस्त करून घ्यावा लागेल.